न खाल्लेल्या घासाचं मोल

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात सामूहिक जेवणाची तयारी चालली होती. पावणेआठच्या सुमारास आभाळातून पेटत्या रेघा ओढत काहीतरी आलं आणि गावातल्या मोकळ्या जागेवर दणकन आदळलं. लोक घरात पळाले. भीती ओसरल्यावर बाहेर येऊन पाहतात तर सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं. दुसऱ्या दिवशी पवनपारकडे एक गोळा सापडला, मग आसपासच्या गावांतून आणखी गोळ्यांच्या बातम्या येऊ लागल्या. अवकाशातल्या वस्तूंचा हिशेब ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते तो फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चांग झेंग ३-बी या चिनी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. कडं सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात गेलं, इस्रोची माणसं पाहून गेली, आणि आठवडाभर आमच्याकडे दुसरा विषय नव्हता.

त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "त्यात खायाचं काही होतं का जी?"

नव्हतं. त्या रॉकेटने उपग्रह नेला होता, माणूस नव्हे. पण प्रश्न डोक्यात राहिला. अवकाशासाठी शिजवलेल्या अन्नाचं पुढे काय होतं? कोण ते जपतं, कोण विकतं, आणि भाव कशावर ठरतो? तेव्हापासून जमेल तसं वाचत आलो. हा त्याचा आढावा.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. या बाजारात अन्नाला अन्न म्हणून शून्य किंमत आहे. जे खाल्लं गेलं ते संपलं. किंमत येते ती न खाल्लेल्याला, आणि त्यातही ज्याच्याबरोबर कागद आहे त्याला. आमच्या झाडीपट्टीच्या माणसाला हे पटवणं कठीण. कडं पडलं तेव्हा मोहाचा हंगाम होता. पहाटे बाया टोपल्या घेऊन झाडाखाली बसतात आणि रात्रभर टपटपलेली फुलं एकेक करून वेचतात. आभाळातून पडलेलं वेचणं हा इथला जुनाच धंदा म्हणायचा. अशाच एका झाडाखाली मी या संग्राहकांची गोष्ट सांगितली, तेव्हा एक मावशी मान वर न करता म्हणाली, "खायाचं नाही तं ठेवाचं काहाले?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर अपोलो चंद्रमोहिमेतल्या एका पाकिटात आहे. तळहातात मावेल अशी पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी, आतली हवा काढून घेतल्याने पदार्थाला घट्ट चिकटलेली. एका टोकाला पाणी आत सोडायची झडप, दुसऱ्या टोकाला तोंडात धरायची चपटी नळी. आत गोठवून वाळवलेला पदार्थ: म्हणजे आधी गोठवायचा, मग निर्वातात ठेवायचा, की बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन निघून जातो आणि पदार्थाची घडण तशीच राहते. आपण मोहफुलं उन्हात वाळवतो तेव्हा ती आक्रसून मनुक्यासारखी होतात. या पद्धतीत आक्रसत नाहीत, थर्माकोलसारखी हलकी होतात. पिशवीवर वेल्क्रोचा छोटा तुकडा. त्याचा रंग लाल असेल तर जेवण कमांडरचं, पांढरा असेल तर मूळ यानाच्या चालकाचं, निळा असेल तर चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या चालकाचं. सोबत एक जंतुनाशक गोळी. जेवून झाल्यावर ती उरल्यासुरल्या अन्नात सोडायची, म्हणजे पिशवी कुजून फुगत नाही.

संग्राहक सगळ्यात आधी हा वेल्क्रोचा ठिपका पाहतो. कारण त्यावरून पिशवी कुणाच्या वाट्याची होती ते कळतं, आणि आर्मस्ट्राँगच्या वाट्याची कोको पावडर व अनामिक कोको पावडर यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्यापुढची उतरंड ठरलेली आहे. चंद्रावर उतरून आलेलं सर्वांत वर, चंद्राभोवती फिरून आलेलं त्याखाली, मग पृथ्वीभोवती फिरलेलं. मग उड्डाणासाठी तयार झालेलं पण न गेलेलं, मग सरावातलं. तळाला संग्रहालयाच्या दुकानातलं. या तळाबद्दल फार लोक फसतात. अमेरिकेहून भाचा-पुतण्या येताना चंदेरी पाकिटातलं 'अंतराळवीरांचं आइसक्रीम' आणतो, खडूसारखं कुरकुरीत. ते दुकानासाठी बनलेलं असतं. मॉस्कोतही अंतराळ संग्रहालयात ट्यूबमधलं जेवण विकत मिळतं. मुलांना मजा येते, बाकी त्याची किंमत बिलावर असते तेवढीच. टँगचीही तीच कथा. ती पावडर १९५०च्या दशकातच बाजारात आली होती, पण १९६२ मध्ये जॉन ग्लेन यांच्या यानातून गेली आणि खपली ती अंतराळाच्या नावावर.

ट्यूबपासूनच सगळं सुरू झालं खरं. १९६१ मध्ये गागारिन यांच्याबरोबर मांसाच्या लगद्याच्या आणि चॉकलेट सॉसच्या ट्यूब होत्या. भारहीन अवस्थेत माणसाला गिळता येतं का हाच तेव्हा प्रश्न होता. गिळता येतं म्हटल्यावर पुढचा प्रश्न चुऱ्याचा आला. हवेत तरंगणारा कण डोळ्यात जातो, यंत्रात जातो. म्हणून घासाएवढे चौकोनी तुकडे करून त्यांच्यावर जिलेटिनचा लेप देत. हे जेवण किती बेचव असेल याचा पुरावा २३ मार्च १९६५ ला मिळाला. जेमिनी ३ मध्ये जॉन यंग यांनी खिशातून चक्क कॉर्न्ड बीफ सँडविच काढलं आणि गस ग्रिसम यांच्या हातात दिलं. ग्रिसम यांनी एक घास घेतला, पावाचे कण उडू लागले, सँडविच खिशात गेलं. अमेरिकी संसदेच्या समितीत यावर खडाजंगी झाली. आज इंडियानातल्या मिचेलमध्ये ग्रिसम यांच्या स्मारकात तसंच एक सँडविच पारदर्शक रेझिनमध्ये गोठवून ठेवलेलं आहे. मूळ सँडविच नाही, त्याच्या नावाचं दुसरं! तरी लोक पाहायला जातात.

या चोरट्या डब्यातच सगळा बाजार दडलेला आहे. मंजूर यादीतलं अन्न हजारो पाकिटांत बनतं. नियम मोडून नेलेलं एकच असतं. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ च्या नाताळच्या जेवणात टर्कीबरोबर ब्रँडीच्या चिमुकल्या बाटल्या आढळल्या. कमांडर बोरमन यांनी हात लावू दिला नाही. बाटल्या सीलबंद परत आल्या, आणि त्यातली त्यांचे सहकारी लव्हेल यांची बाटली कैक वर्षांनी लिलावात उभी राहिली. प्यायले असते तर उरली असती फक्त आठवण.

मग कागद. पाकीट खरंच वर गेलं होतं का, हे पाकीट पाहून कधीच कळत नाही. त्याच कारखान्यातलं, त्याच तुकडीतलं, तेवढंच पिवळं पडलेलं. म्हणून अंतराळवीराच्या सहीचं पत्र लागतं, अनुक्रमांक लागतो, यानात काय भरलं त्याची यादी लागते. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ ला सोयूझ टी-११ मधून गेले. ११ एप्रिलला परतले ते मात्र सोयूझ टी-१० मधून. सॅल्यूट-७ स्थानकावर आधीपासून थांबलेलं यान पाहुण्यांनी घेऊन यायचं आणि आपलं ताजं यान तिथल्या मुक्कामी मंडळींसाठी सोडायचं, अशी रशियनांची रीत होती. त्यामुळे दिल्लीच्या नेहरू तारांगणात ठेवलेली कुपी टी-१० ची आहे. उद्या कुणी 'शर्मांबरोबर टी-११ मधून परत आलेलं पाकीट' म्हणून काही विकायला आणलं, तर खाली ठेवून निघून यावं. टी-११ उतरलं ऑक्टोबरमध्ये, आणि त्यातून आले दुसरेच तिघे.

कागदाच्याही आधी मालकी. इथे आमचं लाडबोरीचं कडं कामाला येतं. १९६७ च्या अवकाश करारानुसार अवकाशात सोडलेली वस्तू पृथ्वीवर परत आली तरी तिची मालकी बदलत नाही. १९६८ च्या दुसऱ्या करारानुसार जिथे ती पडली त्या देशाने पाठवणाऱ्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांना कळवायचं, आणि मागणी आली तर परत द्यायची. भारत या करारांत आहे. म्हणजे शेतात पडलेला गोळा भंगारवाल्याला विकणं हे तत्त्वतः दुसऱ्या देशाचा माल विकणं. तुमच्या झाडाचा आंबा माझ्या अंगणात पडला तर काय, हा वाद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालतो. अवकाशाच्या बाबतीत तो एका कलमात मिटवला आहे.

अमेरिकेत मात्र घरातल्या घरात मिटेना. जुने अंतराळवीर आपल्या बॅगेतल्या वस्तू विकू लागले, आणि २०११ मध्ये लव्हेल यांची अपोलो १३ मधली टिपणवही ३ लाख ८८ हजार डॉलरवर गेली तेव्हा नासाने विचारलं, ही तुमची कशी? शेवटी सप्टेंबर २०१२ मध्ये कायदा झाला. मर्क्युरी, जेमिनी, अपोलो आणि १९७५ च्या अपोलो-सोयूझपर्यंतच्या मोहिमांत वापरून संपणाऱ्या आणि परत मागितल्या न गेलेल्या ज्या वस्तू अंतराळवीरांनी जवळ ठेवल्या, त्या त्यांच्याच. चंद्राचे दगड मात्र नाहीत. 'वापरून संपणाऱ्या वस्तू'चं जेवणाच्या पाकिटाहून चांगलं उदाहरण कुठलं! तेव्हापासून पाकिटं उजळ माथ्याने विकली जातात.

दगड नाहीत, याचा अर्थ किती काटेकोर असतो ते २०२२ मध्ये दिसलं. अपोलो ११ ने आणलेली चंद्रावरची धूळ १९६९ मध्ये झुरळांना खाऊ घातली होती. त्यांना काही होतं का, हे पाहायला. काही झालं नाही. त्या प्रयोगातली तीन मेलेली झुरळं आणि त्यांच्या पोटातून काढलेली सुमारे ४० मिलिग्रॅम धूळ अमेरिकेत लिलावाला आली. निदान चार लाख डॉलर येतील असा अंदाज होता. नासाने हरकत घेतली आणि लिलाव थांबला. धूळ खाल्ली झुरळांनी, तरी मालकी सरकारची!

हे वाचून हसू आलं, आणि मग आठवलं की आमच्या जिल्ह्यात याहून जुना नमुना आहे. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी ते फोडून आत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण शोधले. डायनासोरच्या काळात गवत होतं, आणि ते खाल्लं जात होतं, हे त्यातून सिद्ध झालं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं जेवण, तेही खाऊन झालेलं. तेव्हा खाल्लेल्याला मोल नसतं हे माझं वरचं विधान लिलावापुरतं धरा. विज्ञानाला उष्टंही चालतं. चंद्रावर अपोलोवाल्यांनी टाकून दिलेल्या विष्ठेच्या पिशव्या अजून तिथेच आहेत, आणि त्यांतले जिवाणू इतक्या वर्षांत काय झाले ते पाहावं म्हणणारे शास्त्रज्ञही आहेत.

जपणुकीबद्दल फार लिहीत नाही. अंधार, थंडावा, कोरडी हवा, आणि पाकीट उघडायचं नाही, एवढंच शास्त्र. आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७ च्या पुढे जातो, तेव्हा इथल्या हौशी माणसाने हा नाद करू नये. प्लॅस्टिक पिवळं पडतं, वेल्क्रोचा डिंक सुटतो, आणि सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून हवा शिरली की आतली पोकळी भरून पाकीट सैल होतं. सैल पाकिटाचा भाव उतरतो. पोरीने बिस्किटाचा पुडा दाबून पाहावा तसे तज्ज्ञ ते नजरेने दाबून पाहतात.

स्कायलॅबची गोष्ट मात्र टाळता येत नाही, कारण तिथेही आभाळ आणि ताट एकत्र आली. ११ जुलै १९७९ ला ते अमेरिकी अवकाशस्थानक कोसळणार म्हणून आपल्याकडे गावोगावी जी घबराट झाली, ती अनेकांनी आपल्या आईवडिलांकडून ऐकली असेल. मरायचंच आहे तर खाऊन घेऊ म्हणून कोंबड्या-बकरे कापल्याच्या गोष्टी आमच्याकडेही सांगतात. तुकडे पडले पश्चिम ऑस्ट्रेलियात, एस्परन्स गावाच्या आसपास. तिथल्या नगरपालिकेने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड लावला. एका सतरा वर्षांच्या मुलाने घराच्या छपरावर पडलेले तुकडे घेऊन थेट सॅन फ्रान्सिस्को गाठलं आणि वर्तमानपत्राने लावलेलं दहा हजार डॉलरचं बक्षीस मिळवलं. बाकीचे तुकडे गावाने संग्रहालयात मांडले. आमचं कडं लाडबोरीत राहिलं असतं तर सिंदेवाहीला जाणारी चार वाहनं तिथे थांबली असती, एवढं मला राहून राहून वाटतं. कायदा आड येतो हे कळतं. प्रतिकृती करायला कायदा आड येत नाही.

आता आपलं अंतराळातलं अन्न. ते घडतं म्हैसूरला, १९६१ मध्ये सैन्यासाठी सुरू झालेल्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेत. शर्मांबरोबर तिथून रव्याचा हलवा, आलू-छोले आणि व्हेज पुलाव गेला, आणि तो रशियन सोबत्यांनीही खाल्ला. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला ॲक्सिऑम-४ मोहिमेतून आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेले, तेव्हा गाजर हलवा, मूग डाळीचा हलवा आणि आमरस बरोबर होता. त्यांनी तिथे मुगाला आणि मेथीला मोडही आणून पाहिले. मोड आलेल्या मुगाची उसळ हे आपलं सोमवारचं जेवण. त्याची स्थानकावरच्या प्रयोगांत नोंद झाली. आमरसाच्या बाबतीत एक जाता जाता. विकिरण प्रक्रिया केलेलं हॅम अपोलो १७ मध्ये गेलं होतं. त्याच जातीची प्रक्रिया नाशिक जिल्ह्यात लासलगावच्या केंद्रात करून २००७ पासून हापूस अमेरिकेला जाऊ लागला.

अंतराळाच्या जेवणाने जमिनीला दिलेली देणगी मात्र मोठी, आणि तीही कागदाचीच. १९५९ च्या सुमारास नासाने पिल्सबरी कंपनीला अन्न बनवायला सांगितलं, तेव्हा अडचण आली तपासणीची. अंतराळवीराला विषबाधा होणार नाही याची खात्री करायची, तर तयार मालातला इतका भाग फोडून तपासावा लागे की वर न्यायला थोडाच उरे. मग हॉवर्ड बॉमन आणि सहकाऱ्यांनी उलटा विचार केला. शेवटी माल तपासण्याऐवजी प्रत्येक पायरीवर धोका कुठे शिरू शकतो ते आधी ठरवायचं आणि तिथेच नोंद ठेवायची. 'हॅसप' या नावाने ती पद्धत जगभर गेली. आज आपल्याकडे लोणचं किंवा तांदूळ पॅकबंद करून परदेशी पाठवणाऱ्याची त्यातून सुटका नाही. लिलावातल्या सगळ्या पाकिटांपेक्षा ही वही मोठी, असं माझं मत.

पण आपण ठेवलं काय? १९७२ चा आपला पुरावस्तू कायदा शंभर वर्षं जुन्या वस्तूलाच पुरावस्तू मानतो, हस्तलिखितांना पंचाहत्तर. शर्मांच्या हलव्याचं पाकीट त्या हिशेबाने २०८४ पर्यंत कायद्याच्या लेखी नुसतं जुनं पाकीट. परदेशी संग्राहकाने ते पैसे देऊन नेलं तर हा कायदा त्याला अडवणार नाही. गगनयान या आपल्या मानवी अंतराळ मोहिमेसाठी इडली, एगरोल, व्हेजरोल, मूग डाळीचा हलवा अशी यादी प्रयोगशाळेने २०२० मध्येच दाखवली. आधीच्या मानवरहित उड्डाणांत व्योममित्रा ही यंत्रबाई बसणार, ती जेवत नाही. नंतर जेव्हा माणसं जातील, तेव्हा प्रत्येक पदार्थाची दोन न उघडलेली पाकिटं, तुकडीचा क्रमांक, कृती, आणि आचाऱ्यापासून शास्त्रज्ञापर्यंत सगळ्यांची नावं एका पेटीत जावीत. नावांवर माझा भर जास्त आहे.

कारण नाव न लिहिल्याने काय होतं ते आम्ही सिंदेवाहीच्या शेजारीच पाहिलं. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये पटेल-३ धानाच्या शेतात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. धानाच्या पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांनी बारीक तांदळाचं वाण काढलं. व्यापाऱ्याला पोत्यावर लिहायला नाव हवं होतं, तेव्हा एचएमटी घड्याळं जोरात होती, म्हणून तांदूळ झाला एचएमटी. देशभर खपला. पोत्यावर घड्याळाचं नाव, शेतकऱ्याचं नाही. २००५ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते, म्हणजे रॉकेट बांधलेल्या माणसाच्या हस्ते, त्यांचा सत्कार झाला. २०१८ मध्ये खोब्रागडे गेले, तेव्हाही वाण नेमकं कुणाचं हा वाद मिटला नव्हता. अपोलोच्या पाकिटावरच्या लाल ठिपक्याएवढा जरी पुरावा पहिल्या पोत्यावर असता!

मोहफुलाची कथा उलट्या बाजूने तीच. दारू गाळली जाईल म्हणून इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली बंधनं अशी की ठरावीक मापापेक्षा जास्त फुलं घरात ठेवायला किंवा न्यायला परवाना लागे. राज्य सरकारने ती २०२१ मध्ये उठवली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावांनी त्याआधी, २००९ मध्येच, सामूहिक वनहक्काचा कागद पदरात पाडून घेतला होता, आणि त्यानंतर बांबूचा भाव गावाने ठरवला. आभाळातून पडलेली वस्तू कुणाची, हा प्रश्न आमच्या जंगलात कड्याच्या कितीतरी आधीचा आहे.

कडं पडलं त्या वर्षी मीही एक संग्रह केला. कडं पाहून परत येताना मावशीने ओंजळभर फुलं दिली. ती गच्चीवर चार दिवस वाळवली, काचेच्या बरणीत भरली आणि वर चिठ्ठी चिकटवली: 'मोहफूल, लाडबोरी रस्ता, एप्रिल २०२२.' रीतसर, कागदासकट. पावसाळ्यात आईने त्यांचे तीळ-गूळ घालून लाडू केले. मी चार खाल्ले. बरणीत आता तूरडाळ आहे, चिठ्ठी अजून निघालेली नाही.